डोळ्याला काच, नाकाला काय?

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत जिन्याचे कठडे बदलायचं काम निघालं. जुने लोखंडी कठडे गंजले होते, आता स्टेनलेसचे. (यावर तीन मीटिंगा झाल्या. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी, तो स्वतंत्र विषय आहे.) शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन दार उघडलं तर खालच्या मजल्यावर वेल्डिंग चालू, आणि शेजारच्या वहिनी आपल्या पाच वर्षांच्या चिरंजिवांवर ओरडतायत, "तिकडे बघू नकोस, डोळे जातील!"

हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी मोठं होत नसावं. मी ऐकलंय, तुम्हीही ऐकलं असणार. रस्त्याच्या कडेला कुठे ग्रिलचं दुकान असलं की आई हात ओढून दुसऱ्या फुटपाथवर न्यायची. आणि आपण हमखास बोटांच्या फटीतून बघायचो.

तर मी पण शहाण्या माणसासारखी मान फिरवली आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी लक्षात आलं की घरात वास येतोय. जिना म्हणजे शेवटी एक चिमणीच असते. खाली पेटवा, वरपर्यंत जातं. खाली जाऊन बघितलं तर एक विशी-बाविशीचा मुलगा कोपऱ्यात उकिडवा बसून कठड्याच्या तळाच्या प्लेटा जोडत होता. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काळी काच, नाकाला रुमाल. रॉडच्या टोकापासून निघणारा निळसर धूर सरळ वर येऊन काचेच्या आत शिरत होता. म्हणजे काच डोळे वाचवत होती आणि धूर नीट नाकापर्यंत पोचेल अशी व्यवस्थाही करत होती!

अख्ख्या बिल्डिंगने त्या उजेडाची धास्ती घेतली होती. धुराबद्दल वासाच्या तक्रारीपलीकडे कुणी काही बोललं नाही. मीही नाही. आणि मला तर चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण माझा मामा वेल्डर.

मामाचं शॉप कोल्हापूरला, उद्यमनगरात. 'होतं' म्हणायला पाहिजे. चाळीस वर्षं त्याने उसाच्या ट्रॉल्या बांधल्या. दसरा जवळ आला की गळीत हंगामाची घाई सुरू व्हायची, मग शॉप रात्रीचं पण चालायचं. चार माणसं, दोन वेल्डिंग सेट, एक ग्राइंडर, आणि शटर अर्धं ओढलेलं (शेजारचे उजेडाची तक्रार करायचे. बघा, परत उजेडच). शॉपला काम नसेल तेव्हा मामा साखर कारखान्यात ठेक्यावर जायचा, चरकाच्या रोलरला टाके मारायला. हे काम मी लहानपणी एकदा बघितलंय आणि अजून विसरलो नाही. ऊस पिळणारे ते अजस्र रोलर झिजून गुळगुळीत झाले की उसावरची पकड सुटते, म्हणून त्यांच्या दातांवर कठीण धातूचे बारीक ठिपके वेल्डिंगने चढवतात. गंमत म्हणजे कारखाना न थांबवता. रोलर फिरतोय, रस गळतोय, आणि माणूस शेजारी बसून ठिपके मारतोय. त्या रॉडमध्ये क्रोमियम भरपूर असतं. तेव्हा अर्थात मला ते दिवाळीच्या भुईनळ्यासारखं वाटलं होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दोन प्रकारचे बग माहीत असतात. एक क्रॅश. प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो, क्लायंटचा फोन येतो, सगळे धावतात, रात्रीतून फिक्स जातो. दुसरा मेमरी लीक. प्रोग्रॅम छान चालतोय, टेस्टिंगमध्ये पास, क्लायंट खूश, आणि आत कुठेतरी थोडी थोडी मेमरी गळतेय. काही महिन्यांनी सर्व्हर आपोआप मंदावतो आणि तोपर्यंत ज्याने तो कोड लिहिला तो दुसऱ्या कंपनीत.

वेल्डिंगचा उजेड हा क्रॅश आहे. काच न धरता काम केलं तर त्याच रात्री डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. डोळे उघडवत नाहीत, पाणी वाहतं, बटाट्याचे काप ठेवून रात्र काढावी लागते. साधारण दिवस-दोन दिवसांत बरं होतं, पण माणूस पुन्हा काच विसरत नाही. शरीर स्वतःच बग रिपोर्ट करतं. धुराचं तसं नाही. तो लीक आहे.

(एक अपवाद. जीआयचा पाईप किंवा पत्रा जोडला की त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर येतो, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढतो, तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. आठवडाभर तेच काम केलं तर शरीर सरावतं, सुट्टी झाली की सोमवारी परत ताप. मामा याला 'जीआयचा ताप' म्हणायचा आणि त्यावर दूध प्यायचा. पण यातही गंमत बघा, ज्या जस्ताने ताप येतो ते त्या धुरातलं त्यातल्या त्यात सोज्वळ पात्र. खरे खलनायक आल्याची वर्दी देत नाहीत.)

आता हा धूर म्हणजे नक्की काय? लाकडाचा धूर आणि हा धूर यांचा फारसा संबंध नाही. आर्कचं तापमान काही हजार अंश असतं. त्यात धातू नुसता वितळत नाही, त्याची थोडी वाफ होते. ती वाफ हवेत येऊन थंड होते, ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षा लहान. तुमचा-आमचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे विचार करा. इतके लहान कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. रुमालातून तर ते असे जातात जसा डास फाटकातून. आणि हा धूर मुख्यतः पत्र्याचा नसतो, रॉडचा असतो.

साध्या लोखंडाच्या कामात या कणांत बहुतांश लोहाचे ऑक्साइड असतात. पण मँगनीज पण असतं, आणि ते चुकून आलेलं नसतं, मुद्दाम घातलेलं असतं. वितळलेल्या लोखंडातला ऑक्सिजन आणि गंधक आवरायला मँगनीज लागतं, त्याशिवाय जोड ठिसूळ होतो. म्हणजे 'मँगनीज काढून टाका' असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत मँगनीजच्या खाणी आहेत आणि त्यातला बहुतेक माल पोलादासाठीच जातो.

मँगनीज पोटात गेलं तर सहसा काही बिघडत नाही. किंबहुना शरीराला ते थोडं लागतंच. यकृत जास्तीचं मँगनीज पित्तावाटे बाहेर टाकतं. पण श्वासातून आलेलं मँगनीज या चौकीवरून जातच नाही. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत. आणि मेंदूत ते साठतं नेमकं त्या आतल्या भागांत, जिथून आपल्या हालचालींचा ताल सांभाळला जातो.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. १८३७ साली कूपर नावाच्या ग्लासगोच्या डॉक्टरने मँगनीजची पूड दळणाऱ्या कामगारांबद्दल लिहिलं होतं. पाय लटपटतात, पुढे झुकून चालतात, बोलणं अस्पष्ट होतं. १८३७! पुढे विसाव्या शतकात चिली आणि मोरोक्कोच्या खाणींत तेच दिसलं. चिलीत तर खाणकामगारांच्यात या आजाराला 'मँगनीजचं वेड' अशा अर्थाचं नावच पडलं होतं, कारण सुरुवातीला माणूस विनाकारण हसायचा-रडायचा आणि मग हळूहळू चेहरा लाकडासारखा व्हायचा.

आता तुम्ही म्हणाल, खाणकामगार कुठे आणि वेल्डर कुठे. बरोबर आहे. वेल्डरच्या फुप्फुसात जाणारं मँगनीज त्या मानाने खूपच कमी असतं, आणि खरा वाद तिथेच आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये वेल्डरांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून बघितल्या, त्यांत पार्किन्सनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. उलट २०१७ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतल्या ८८६ कामगारांचा अभ्यास आला, जहाजबांधणी आणि जड यंत्रं बनवणाऱ्या शॉपमधले लोक, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासलेले. त्यात ज्याने मँगनीज जास्त खाल्लं त्याच्या हालचालीतला संथपणा आणि ताठरपणा जास्त वाढत गेला असं दिसलं. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. पार्किन्सनचं निदान होणं वेगळं, आणि निदानापर्यंत न पोचता बोटं, पाय, जीभ थोडी थोडी मंदावणं वेगळं. लीक आहे, पण अजून क्रॅश नाही.

क्रोमियमबद्दल मात्र असला वाद नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के, आणि ८ टक्के निकेल. कठड्यात असताना दोन्ही निरुपद्रवी. पण आर्कमध्ये जळाल्यावर क्रोमियमचा काही भाग एका वेगळ्या रूपात जातो, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम म्हणतात त्याला, आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे पक्कं ठरून आता पस्तीसेक वर्षं झाली. रॉडने केलेल्या स्टेनलेसच्या कामात हा प्रकार विशेष, टिगमध्ये कितीतरी कमी. आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगच्या धुरालाच, म्हणजे साध्या लोखंडाच्या सुद्धा, पहिल्या गटात टाकलं. तंबाखू, ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत तो. (आमच्यासारख्या शंकेखोरांसाठी: पहिला गट म्हणजे धोका तंबाखूइतका मोठा असं नव्हे, पुरावा तितका पक्का असं.) त्यानंतर दोनच वर्षांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याने जाहीर केलं की नुसतं 'खिडक्या उघड्या आहेत हो' चालणार नाही. धूर उगमापाशी ओढून घ्यायचा, ते जमत नसेल तर योग्य श्वसनरक्षक द्यायचा. साध्या लोखंडाला पण.

आता मामाकडे येतो.

२०२३ च्या गणपतीत कोल्हापूरला गेलो तेव्हा मामाचा डावा हात थरथरत होता. चालताना तो हात हलत नव्हता, नुसता शरीराला चिकटून होता. सही बारीक व्हायला लागलेली. मामी म्हणाल्या, "वय झालं रे." वय चौसष्ट. डॉक्टरांकडे नेलं, पार्किन्सन निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

आणि मी, अर्थातच, रात्री बसून गूगल. मँगनीज, वेल्डर, पार्किन्सन. दोन तासांत माझा निकाल तयार. धुरानेच केलं! कुणाला तरी जबाबदार धरायला मिळालं की आपल्याला किती बरं वाटतं ना.

पण पुढे वाचत गेलो तसा तो निकाल डळमळीत होत गेला. मँगनीजमुळे होणारा विकार सहसा दोन्ही बाजूंना सारखा येतो, स्वस्थ बसल्यावर होणारी थरथर त्यात कमी, पावलं टाचा उचलून टाकली जातात, उलटं चालताना माणूस पडतो, आणि मुख्य म्हणजे नेहमीच्या गोळ्यांचा उपयोग विशेष होत नाही. मामाचं एकाच बाजूने सुरू झालं, थरथर भरपूर, आणि गोळ्या छान लागू पडल्या. म्हणजे जास्त शक्यता अशी की हा साधा पार्किन्सन आहे, जो आयुष्यात कधी रॉड न धरलेल्या बँक मॅनेजरला पण होतो. चाळीस वर्षांच्या धुराने त्यात भर घातली का? असेल. नसेल. सिद्ध करता येणार नाही.

मग चिडायचं कशावर? तर यावर, की त्या हॉस्पिटलच्या तीन फेऱ्यांत मामाला कुणीही "काम काय करता?" असं विचारलं नाही. साखर आहे का विचारलं, बीपी विचारलं, घरात कुणाला होतं का विचारलं, शाकाहारी की मांसाहारी ते पण विचारलं. १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की पेशंटला जे नेहमीचे प्रश्न विचारता त्यात अजून एक घाला, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली.

मी फाईल उघडून बघितली. छापील केसपेपरवर वर नाव, वय, लिंग, पत्ता, आणि 'व्यवसाय: इतर'.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. पेशंट रजिस्ट्रेशनचा स्क्रीन माझा होता. त्यात 'व्यवसाय' नावाचं एक फील्ड होतं आणि त्यात नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, विद्यार्थी, इतर अशी यादी. काउंटरवरच्या लोकांनी तक्रार केली की रांग लांब होते, फील्ड फार आहेत. मीटिंग झाली. कुठलं फील्ड काढता येईल? मी म्हटलं, काढायला नको, ऑप्शनल करू आणि आपोआप 'इतर' येऊ दे. सगळे खूश. दहा मिनिटांचं काम. माझ्या त्या आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये ते 'परफॉर्मन्स सुधारणा' या सदरात होतं, आणि मला त्याचा अभिमान पण वाटला होता.

मामाच्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर माझं नव्हतं. पण ते लिहिणारा पण माझ्यासारखाच कुणीतरी असणार.

'इतर'मुळे काय होतं ते बघा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात मँगनीजची विषबाधा हा नोंद करण्याजोगा आजार होता. म्हणजे डॉक्टरला असा पेशंट दिसला तर त्याने कारखाने निरीक्षकांना कळवायचं. आताच्या नव्या कामगार संहितेत, जी २०२० साली पास होऊन २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, त्या यादीतही तो आहे. छान. पण कळवणार कोण? ज्याने कामच विचारलं नाही तो? आणि कळवून तरी काय, जुन्या कायद्यात मूळ हिशोबाने वीज वापरणारी जागा दहा माणसांपासून कारखाना व्हायची, नव्या संहितेत विसापासून. मामाच्या शॉपमध्ये चार होती. आमच्या जिन्यातला मुलगा तर एकटाच.

आकड्यांची पण तीच तऱ्हा. जुन्या कायद्याच्या परिशिष्टात मँगनीजच्या धुराची आठ तासांची सरासरी मर्यादा होती घनमीटर हवेत १ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी शिफारस केली ०.०२ ची. पन्नास पट फरक. (खुद्द अमेरिकेच्या सरकारी नियमात ५ आहे, तेव्हा फार हळहळायला नको. तिकडेही कायदा मागेच आहे.) पण मला विचाराल तर हा आकडा १ असो की ०.०२, आमच्या जिन्यात काय फरक पडणार होता? तिथे मोजायला यंत्र घेऊन कोण येणार होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे की जे मोजलं जात नाही ते कायद्यात असूनही नसतं. वेल्डरला दम लागतो तेव्हा तो 'बिडी ओढत असेल' असतो. बोटं मंदावतात तेव्हा 'वय झालं' असतं. कॅन्सर झाला तर नशीब. प्रत्येकाचं वेगवेगळं कारण, आणि सगळ्यांच्या फायलीवर 'इतर'. यातून आकडा तयार होणार कसा? आणि आकडाच नाही म्हटल्यावर 'आपल्याकडे असा काही त्रास नाही' असं कुणीही मान वर करून सांगू शकतो.

एक फील्ड लागतं हो. आणि ते यादीतलं नको, मोकळं हवं, हाताने लिहायचं. काय काम, किती वर्षं. दोन ओळी. फुप्फुसाच्या आणि मेंदूच्या ओपीडीत तरी ते भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. रांग लांब होईल? होऊ दे की. शाकाहारी-मांसाहारी काढा.

मामाला मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकून म्हणाला, "धुरानं काय हुतंय रं? तुझ्या आजीनं चुलीचा धूर पन्नास वर्सं खाल्ला." आजी शेवटची दहा वर्षं धापा टाकत होती, हे मी त्याला म्हटलं नाही. मग म्हणाला, "आणि आमी गूळ खायचो की रोज." शॉपमध्ये गुळाची ढेप कायम असायची, हे खरं आहे. कोल्हापुरात गुळाला काय तोटा. धूळ-धुराच्या कामावर गूळ देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती अगदीच बिनबुडाची पण नाही. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्रात उंदरांना धूळ आणि गूळ देऊन प्रयोग केले होते, १९९४ साली तो निबंध छापून आला, आणि गूळ खाल्लेल्या उंदरांच्या फुप्फुसांना त्रास कमी झालेला दिसला. पण ती कोळशाची आणि सिलिकाची धूळ होती, आणि ते उंदीर होते. गुळाने मेंदूतलं मँगनीज निघतं असं कुणी म्हटलेलं नाही. गूळ खावा, गोड लागतो. पण मालकाने गुळाची ढेप आणून ठेवली म्हणजे पंखा आणायची जबाबदारी संपली, हा जो हिशोब आहे ना, तो मला पटत नाही. इथे मालक मामाच होता, हे पण सांगून टाकतो. तो तोच धूर खात होता जो त्याची तीन माणसं.

आणि गिऱ्हाईक? तो तर मीच आहे. आमच्या त्या तीन मीटिंगांत ३०४ घ्यायचं की स्वस्तातलं २०२ यावर दीड तास चर्चा झाली. (२०२ स्वस्त का? त्यात महाग निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात, साडेसात ते दहा टक्के. हे मला नंतर कळलं.) गंजेल का, चमक टिकेल का, पावसाळ्यात काय. दर फुटावर ठरला. त्या फुटाच्या दरात धूर कुठे बसतो, हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. ठेकेदाराला दोष देणं सोपं आहे, पण आपण तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त घेतलं की मास्क, पंखा, टिगचा जास्तीचा वेळ हे सगळं आपणच खोडलेलं असतं.

मी त्या दिवशी खाली जाऊन त्या मुलाला एन-९५ चे दोन मास्क दिले. घरात करोनापासून खोकं पडलेलं होतंच. त्याने "थँक यू अंकल" म्हणून एक लावला. दहा मिनिटांनी बघतो तर हनुवटीवर. "गुदमरतंय ओ." खरंच गुदमरतं, मी पण आर्कसमोर उकिडवा बसलो असतो तर काढलाच असता. त्यामुळे 'मास्क दिले, काम झालं' असल्या भ्रमात मी एक तासभरच होतो.

मग त्यालाच विचारलं, बाबा रे, तूच सांग, धूर कमी कसा होईल? आणि उत्तर त्याच्याकडे तयार होतं. म्हणाला, जिन्यात बसून वेल्डिंग करायची गरजच नाही, माप घेऊन तुकडे खाली पार्किंगमध्ये मोकळ्यावर जोडता येतात, टिगवर, प्लेटांसकट. जिन्यात फक्त बोल्ट मारायचे. मग असं का नाही करत? "दोनदा वर-खाली होतं. शेठ म्हणतो टाइम जातो."

चौथी मीटिंग झाली. दर फुटामागे थोडा वाढवून दिला. एक सद्गृहस्थ म्हणाले, "त्यांना सवय असते हो." मी त्यांना मेमरी लीक समजावून सांगायला लागलो तेव्हा सेक्रेटरींनी ठराव घाईघाईने मंजूर करून टाकला. काम चार दिवस जास्त चाललं. पार्किंगमध्ये पंखा कुणाचा वापरायचा यावर दोन गाडीवाले भांडले. पण वारा पाठीकडून-कडेने येईल आणि धूर तोंडाकडे न जाता बाजूला जाईल असा पंखा त्या मुलाने स्वतः लावून घेतला. त्याला ते सगळं येत होतं. फक्त त्याला कुणी तसं करायला वेळ दिला नव्हता.

गेल्या महिन्यात मामाला पुन्हा तपासणीला नेलं. यावेळी काउंटरवर मीच पुढे झालो आणि तिथल्या मुलीला म्हटलं, व्यवसायात 'इतर' आहे, ते बदलून वेल्डर करा, चाळीस वर्षं. तिने स्क्रीन फिरवून मला दाखवला. नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर. वेल्डर नाही. "सर, टाइप नाही करता येत इथे." मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने पेन घेतलं आणि छापील केसपेपरच्या समासात लिहायला लागली.

मामा मागून म्हणाला, "ए पोरी, वेल्डर काय लिवतीस? फॅब्रिकेटर लिव. सोताचं शॉप हुतं."